जांभूळ, ठाणे-कल्याण परिसरातील : आनुवंशिक विविधता व ऊतक संवर्धन

उल्हास नदीच्या खोऱ्यात कल्याण, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात आणि जुन्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात (१ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्हा) जांभूळ हा सदापर्णी वृक्ष नैसर्गिक अवस्थेत व बांधावर जपलेला आढळतो. तो जंबुल कुलातील (मिर्टेसी) असून त्याचे शास्त्रीय नाव सायझिजियम क्युमिनाय असे आहे. लिनीअस यांनी १७५३ मध्ये त्याचा समावेश मिर्टस या प्रजातीत केला होता. सध्याचे नाव १९१२ पासूनचे आहे. बदलापूर-अंबरनाथ भागात जांभूळ याच नावाचे एक गाव असून तेथील जलशुद्धीकरण केंद्रामुळे ते नाव आज अधिक परिचित झाले आहे.

या फळाचा यूरोपीय भाषेतील एक जुना उल्लेख याच किनाऱ्याशी निगडित आहे. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याकडे काही काळ मुंबई बेट पट्ट्याने होते. १५६३ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात फणसाबरोबर जांभळाचीही चर्चा आहे. पुढील तीन शतकांत मात्र जांभूळ हे आंब्याप्रमाणे कलमांचे फळ झाले नाही. ते बियांपासून वाढले, बांधावर टिकले आणि आदिवासी स्त्रियांच्या पाट्यांतून बाजारात आले. १८५४ मध्ये लोहमार्ग कल्याणास पोहोचला व पुढे बदलापूरवरून घाटाकडे गेला, तेव्हा या नाशवंत फळाला मुंबईची बाजारपेठ जवळ आली. मे-जूनमध्ये पिकणारे हे फळ पावसाच्या पहिल्या सरीने गळते व फुटते. त्यामुळे त्याचा हंगाम अवघ्या काही आठवड्यांचा असतो.

लोकव्यवहारात मोठ्या व गरयुक्त फळाला रायजांभूळ आणि बारीक, तुरट फळाला लेंडी जांभूळ म्हणतात. हे वाण नव्हेत. फळ पाहून दिलेली ही नावे आहेत. परपरागणामुळे बियांपासून वाढलेल्या रोपांत आकार, गराचे प्रमाण, गोडी व पिकण्याचा काळ यांत मोठा फरक पडतो. एकाच बांधावरील दोन झाडांची फळेही सारखी नसतात. असे असूनही चांगल्या झाडाखालची रोपे पुष्कळदा चांगलीच निघतात, हा शेतकऱ्यांचा अनुभव निराधार नाही. जांभळाच्या एका बियात अनेकदा एकाहून अधिक गर्भ असतात आणि त्यांपैकी काही फलनाशिवाय, मातृवृक्षाच्याच ऊतकापासून तयार होतात. अशा गर्भापासून आलेले रोप मातेची आनुवंशिक प्रतिकृती असते. फलनातून आलेले रोप तसे नसते. दोन्ही रोपे शेजारी उगवतात आणि नुसत्या डोळ्यांना ती वेगळी ओळखता येत नाहीत. शिवाय बियांची उगवणक्षमता थोड्याच आठवड्यांत नष्ट होत असल्याने धान्याप्रमाणे बी वाळवून त्याचा दीर्घकाळ संग्रह करता येत नाही. विविधता राखावयाची तर उभी झाडेच राखावी लागतात.

वनस्पतीच्या सुट्या कोशिका कृत्रिम माध्यमात वाढविण्याची कल्पना गोटलीब हाबरलांट यांनी १९०२ मध्ये मांडली. १९६२ मध्ये मुराशिगे व स्कूग यांनी सिद्ध केलेल्या पोषक माध्यमामुळे तिला व्यवहारात स्थान मिळाले. महाराष्ट्रात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने या क्षेत्रात अग्रेसर कार्य केले. १९८० मध्ये तेथील संशोधकांनी सागाच्या ऊतक संवर्धनाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. जांभळावरील एक महत्त्वाचे काम बनारस हिंदू विद्यापीठात झाले व ते १९९० मध्ये प्रसिद्ध झाले. कोवळ्या रोपांचे शेंडे व पेरे निर्जंतुक करून सायटोकायनीन गटातील द्रव्य असलेल्या माध्यमात ठेवल्यावर कक्षास्थ कळ्यांपासून अनेक कोंब फुटतात. ते वेगळे करून ऑक्सिनाच्या साहाय्याने त्यांना मुळे आणविता येतात.

येथे एक पेच उद्भवतो. कोवळे रोप प्रयोगशाळेत सहज वाढते. पण ते कोणते फळ देईल हे ठाऊक नसते. ज्या जुन्या झाडाचे फळ पिढ्यान्‌पिढ्या चाखलेले आहे, त्याच्या फांदीचे तुकडे मात्र टॅनीनसदृश फिनॉली द्रव्ये स्रवल्याने काळवंडतात, त्यांवर बुरशी व जंतूंचा उपद्रव होतो आणि प्रौढ ऊतकाला मुळे फुटणे कठीण जाते. त्याशिवाय संवर्धनाच्या दीर्घ आवर्तनांत रोपांमध्ये अनपेक्षित बदल होऊ शकतात. या घटनेस १९८१ मध्ये कायिक-कृत्तक विचरण असे नाव देण्यात आले. केळीच्या बाबतीत यशस्वी झालेला हा मार्ग त्यामुळे जांभळाच्या बागायतीत अद्याप दुय्यमच राहिला असून तेथे भर कलमांवर आहे. दापोली येथील कोकण कृषी विद्यापीठाने वैतरणेच्या खोऱ्यातील बहाडोली गावाच्या झाडांमधून निवडलेला ‘कोकण बहाडोली’ हा वाण कलमांनीच पसरला. लखनौच्या केंद्रीय संस्थेतील ‘जे-४२’ या बिनबियांच्या वाणाला तर शाकीय अभिवृद्धीवाचून गत्यंतरच नाही. बहाडोलीस आजही झाडाभोवती बांबूंची परांची बांधून फळे हाताने तोडतात.

बहाडोली व बदलापूर या दोन्ही ठिकाणच्या जांभळांना २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनाने गावाचे नाव सुरक्षित होते. बदलापूरच्या बाबतीत झाडांचे अस्तित्व हाच खरा प्रश्न आहे. कल्याण-डोंबिवली महानगरपालिका १९८३ मध्ये स्थापन झाली व त्यानंतर वसाहतीची लाट अंबरनाथ-बदलापूरपर्यंत पसरत गेली. तिच्यापुढे बांधावरच्या झाडांना जागा उरली नाही. महाराष्ट्राचा नागरी क्षेत्रातील वृक्ष संरक्षण अधिनियम १९७५ चा आहे आणि २०२१ च्या सुधारणेने पन्नास वर्षांवरील वृक्षांना त्यात विशेष स्थान मिळाले. त्यात वृक्षाची संख्या व वय मोजले जाते, वंश नव्हे. तोडलेल्या स्थानिक जांभळाबदली रोपवाटिकेतील एकाच वाणाची दहा कलमे लावली, तरी संख्येचा हिशेब पुरा होतो; आनुवंशिक दृष्ट्या मात्र एक वंश जातो आणि त्याच्या जागी एकाच झाडाच्या दहा प्रती येतात. या भागातील निवडक झाडांची कलमे करावयाची, तर मातृवृक्ष उभा असतानाच एक-दोन हंगाम त्याची फळे तपासून काडी घेणे आवश्यक असते.