गांधारीच्या तबकड्या

गंगूबाई हनगल हे नाव उच्चारले की हुबळी-धारवाडच्या माणसाच्या कानांत एक भरदार, धीरगंभीर स्वर घुमू लागतो. डोळे मिटून ऐकणाऱ्याला गायक पुरुष आहे की स्त्री, असा क्षणभर संभ्रम पडावा असा तो आवाज. २१ जुलै २००९ रोजी हुबळीत त्यांचे निधन झाले. तोवर किराणा घराण्याची तपस्विनी म्हणून साऱ्या देशाने त्यांना मानाचा मुजरा केला होता. २००२ साली पद्मविभूषण देऊन शासनानेही त्यांचा गौरव केला. परंतु या गंगूबाईंच्या आधी हुबळीत एक 'गांधारी' होती. तिचा आवाज बारीक, उंच आणि चपळ होता. आज ती केवळ काही जुन्या तबकड्यांत शिल्लक आहे. त्या तबकड्यांचे मोल काय, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

तरुण वाचकांसाठी आधी तबकडीविषयी चार शब्द. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांच्या मिश्रणातून ही काळी, जड आणि हातातून पडल्यास फुटणारी थाळी तयार होई. ती मिनिटाला ७८ फेरे घेई. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. दोन बाजू, दोन गाणी, संपला कारभार! चावी भरायची, पोलादी पिन बदलायची आणि पुन्हा ऐकायचे. आपल्या देशात हे पर्व १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांच्या ध्वनिमुद्रणाने सुरू झाले. त्या काळी गाणे संपताच गायक स्वतःचे नाव मोठ्याने पुकारीत असे, कारण तबकड्या परदेशी कारखान्यात तयार होत आणि तिथल्या कारागिरांना गायकाची ओळख पटावी लागे. १९२५ नंतर मायक्रोफोनवर मुद्रण होऊ लागले आणि कर्ण्यात तोंड घालून ओरडण्याची गरज संपली. हळुवार, नाजूक आवाजांनाही तबकडीवर जागा मिळाली. मराठी भावगीताचा उदय नेमका याच काळातला, हे ध्यानात घेण्यासारखे आहे.

गंगूबाईंचा जन्म ५ मार्च १९१३ चा, धारवाडचा. मूळ नाव गांधारी. मातोश्री अंबाबाई कर्नाटक पद्धतीच्या उत्तम गायिका होत्या. मुलीचा ओढा हिंदुस्थानी संगीताकडे आहे हे पाहून त्यांनी स्वतःचे गाणे बाजूला सारले, हा त्याग थोडाथोडका नव्हे. १९२४ साली बेळगावला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. तिथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांची गांधारीही होती. मुलीच्या शिक्षणासाठी १९२८ च्या सुमारास हे कुटुंब हुबळीस आले. गाणाऱ्या स्त्रियांच्या घराकडे समाज ज्या नजरेने पाहत असे, तिचे चटके या घराने सोसले. गंगूबाईंनी आपल्या कन्नड आत्मचरित्रात ते मोकळेपणाने सांगितले आहे.

१९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात गांधारी हे नाव 'हिज मास्टर्स व्हॉइस'च्या तबकड्यांवर झळकले. या तबकड्यांत रागदारी होती तशी मराठी भावगीतेही होती. त्यांतली काही युगुलगीते जी. एन. जोशी यांच्यासमवेत गायिलेली आहेत. जोशी मूळचे नागपूरकडचे वकील. भावगीतगायनाच्या आद्य शिलेदारांत त्यांची गणना होते. पुढे ते त्याच कंपनीत ध्वनिमुद्रण अधिकारी झाले. घरी कन्नड बोलणारी धारवाडची मुलगी आणि विदर्भातला वकील एकत्र येऊन मराठी भावगीत गातात, आणि ते मुंबई इलाख्यातल्या घराघरांत वाजते! ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होता. कुंदगोळचे रामभाऊ कन्नडभाषक, पण मराठी रंगभूमीवर ते 'सवाई गंधर्व' म्हणून गाजले.

आता कालक्रम पाहू. सवाई गंधर्वांची सलग, कसोशीची तालीम गंगूबाईंना लाभली ती या तबकड्यांनंतर, १९३० च्या दशकाच्या उत्तरार्धात. हुबळीहून आगगाडीने कुंदगोळ गाठायचे, एकेक पलटा घोटून घ्यायचा आणि पुन्हा परतायचे, असा तो क्रम होता. म्हणजे आपल्याला परिचित असलेली एकेका स्वराची संथ बढत गांधारीच्या गाण्यात अजून यायची होती. पुढे टॉन्सिलच्या दुखण्यावर उपचार झाले आणि आवाजच पालटला. उंच, कोवळा गळा गेला आणि खर्जाकडे झुकणारा, रुंद आवाज आला. दुसरी एखादी गायिका खचून गेली असती. गंगूबाईंनी मात्र त्याच आवाजाला साजेशी गायकी उभी केली आणि त्यातच मोठेपण मिळवले. नाव बदलले, आवाज बदलला, तालीम बदलली. व्यक्ती मात्र एकच.

असे उदाहरण एकटे नाही. मल्लिकार्जुन मन्सूर यांना आपण जयपूर-अत्रौली घराण्याचे म्हणून ओळखतो. पण मिरजेच्या नीलकंठबुवांकडे ते आधी ग्वाल्हेर गायकी शिकले होते आणि त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्यांत तीच ऐकू येते. मंजीखाँसाहेबांची तालीम नंतरची. तबकड्या नसत्या, तर मन्सूरांचा हा पहिला अवतार आपल्याला ऐकीव माहितीवरच मानावा लागला असता.

तीन मिनिटांत राग काय दिसणार, असा आक्षेप जाणकार घेतात. तो खराही आहे. मैफलीतले दीड तासाचे गाणे तिथे मावत नाही. परंतु तीन मिनिटांची ताकद किती असते याचा पुरावाही आपल्याच भागात आहे. गदगच्या एका लहान मुलाने दुकानात अब्दुल करीम खाँसाहेबांची ठुमरीची तबकडी ऐकली आणि असे गाणे आपल्याला यायलाच हवे, या ध्यासाने १९३३ साली घर सोडले. तो मुलगा म्हणजे भीमसेन जोशी.

म्हणून सुरुवातीच्या तबकड्यांना कच्चे काम समजून बाजूला सारणे बरोबर नाही. थोर कलावंताचे चरित्र आपण शेवटाकडून वाचतो. कीर्ती आधी दिसते आणि तिच्यामागची वाट झाकली जाते. तबकडी ही वाट दाखवते. कीर्ती कुठवर जाणार हे ठाऊक नसलेली वीस-बावीस वर्षांची मुलगी त्यात गात असते. आणखी एक गोष्ट. सीमाभागात कोण कोणाचे याचे वाद आपण पुष्कळ घातले. या तबकड्यांची वाटणी मात्र कुणाला करता येणार नाही. गळा कन्नड घरातला, शब्द मराठी, राग दोघांचेही.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावर अशा तबकड्या सापडल्या तर त्या भंगारात घालू नका. त्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा, म्हणजे वजनाने तडकणार नाहीत. मऊ, कोरड्या फडक्याने पुसा. लेबलवरचे नाव, भाषा आणि क्रमांक वहीत टिपून ठेवा. त्यावर 'गांधारी' असे नाव दिसले तर ही कोणी अनोळखी बाई म्हणून सोडून देऊ नका. जाणकाराकरवी तिचे संगणकावर मुद्रण करून घ्या आणि घरातल्या मुलांना ऐकवा. आधी गांधारी ऐकवा, मग गंगूबाई. मधले अंतर कष्टाने कसे कापले गेले, ते मुलांना आपोआप उमगेल.