कोरड्या चट्ट्याची पारख
माण, खटाव, जत या तालुक्यांच्या कोरड्या हवेत कातडी उलली की दोष हवेलाच दिला जातो, आणि तो बरेचदा खराही असतो. पण हवेने दोन्ही पाय सारखेच उलतात. एकच चट्टा कोरडा, घामाविना आणि बधिर असेल, तर कुष्ठरोगाने मज्जातंतू बिघडल्याची शंका घ्यावी लागते. डॉक्टर हान्सेन यांनी १८७३ मध्येच या रोगाचा जंतू शोधला होता, मग सूक्ष्मदर्शक पुरेसा नव्हता का? नव्हता; जंतू कमी असले की त्वचेच्या नमुन्यात ते सापडत नाहीत. म्हणून कापसाच्या स्पर्शाने संवेदना तपासणे आणि जाड झालेली नस चाचपणे यांचे महत्त्व टिकले. १९८१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवल्यावर हे महत्त्व वाढलेच, कारण लवकर निदान झाले तर व्यंग टळते.