मद्रासच्या स्वयंपाकघरातील अग्नी

शहराचा इतिहास किल्ल्यांत आणि कचेऱ्यांत शोधला जातो. परंतु चेन्नईचा, म्हणजे १९९६ पूर्वीच्या मद्रासचा, एक इतिहास स्वयंपाकघराच्या भिंतीवर काजळीने लिहिलेला होता.

तेथे लाकडाची चूल असे, आणि कोळशाची ‘कुमुट्टी’, म्हणजे मराठी घरातील शेगडी. उघड्या चुलीतील उष्णतेचा थोडाच अंश भांड्यास पोचे. उरलेली हवेत जाई. भात शिजून उतरला तरी शेगडीतील निखारे धुमसतच राहत. सरपणाचे पैसे घरधनी मोजी. धुराची किंमत मात्र गृहिणीचे डोळे आणि फुप्फुसे चुकती करीत.

हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतील डॉ. एस. पी. राजू यांनी या प्रश्नास हात घातला. त्यांच्या बिनधुराच्या चुलीत एकाच जाळावर अनेक भांडी तापत आणि धूर धुराड्यावाटे बाहेर जाई. त्यांची पुस्तिका १९५३ साली मद्रासमध्येच प्रसिद्ध झाली.

पुढे इंधनच बदलले. १९५५ मध्ये मुंबईत सिलिंडरचा गॅस विक्रीस आला. मद्रासजवळ मणली येथील तेलशुद्धीकरण कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला आणि हे इंधन शहराच्या वेशीशीच तयार होऊ लागले. २००७ मध्ये तमिळनाडू शासनाने गरीब कुटुंबांना मोफत गॅसशेगड्या देण्यास आरंभ केला.

तथापि इंधन उत्तम म्हणून शेगडी उत्तम ठरत नाही. गॅस जळण्यापूर्वीच हवेत नीट मिसळला, तर ज्योत निळी व स्थिर राहते; पिवळी ज्योत हवा अपुरी असल्याचे सांगते आणि भांडे काळे करते. बुडाबाहेर पसरलेली ज्योत तर केवळ ओटा तापविते. म्हणूनच भारतीय मानकाने गॅसशेगडीची उष्णता-कार्यक्षमता किमान ६८ टक्के ठरविली. समजा, अशा शेगडीवर १४.२ किलोचा सिलिंडर संपतो; तोच स्वयंपाक ७४ टक्के कार्यक्षमतेच्या शेगडीवर सुमारे १३ किलोत होईल. प्रत्येक सिलिंडरमागे किलोभराहून अधिक गॅस वाचेल.

दुकानात मात्र चकाकणारी काच आणि किंमत आधी पाहिली जाते. मानकचिन्ह व बर्नर मागाहून. शेगडीची किंमत एकदाच द्यावी लागते, वाया गेलेल्या ज्योतीची दररोज. चुलीपाशी ही किंमत पिढ्यान्‌पिढ्या जिने दिली, तिचेच मत शेगडी निवडताना प्रथम विचारले जावे, हे उचित होय.