गळाने मरळ पकडण्याची प्राथमिक साधने

मरळ हा गोड्या पाण्यातील शिकारी मासा आहे. काठी, दोरा, गळ आणि आमिष यांच्या साहाय्याने मरळ पकडू इच्छिणाऱ्या नवशिक्याला कोणती साधने लागतात आणि ती कोणत्या तत्त्वांवर निवडावीत, याची माहिती या लेखात दिली आहे. महाराष्ट्रातील नद्या, तळी, कालवे आणि धरणांच्या जलाशयांचे उथळ काठ येथे मरळ आढळते. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि तिच्या उपनद्यांचे संथ डोह, तसेच पाणवेलींनी झाकलेले काठ हे तिच्या वास्तव्याला अनुकूल आहेत.

मरळ हे नाव एकाच जातीचे नाही. चन्ना या प्रजातीतील अनेक मासे व्यवहारात याच नावाने ओळखले जातात. त्यांपैकी चन्ना स्ट्रायाटा आणि चन्ना मरुलियस या जाती गळाच्या मासेमारीत महत्त्वाच्या आहेत. दुसरी जात आकाराने मोठी असून तिची लांबी एक मीटरहून अधिक होऊ शकते.

माशाचा स्वभाव आणि साधनांची निवड

मरळ भक्ष्याचा लांबवर पाठलाग करीत नाही. ती पाणवनस्पतींच्या आडोशाला स्थिर राहते आणि बेडूक, लहान मासा किंवा कीटक टप्प्यात येताच एकाएकी झडप घालते. झडप फसली नाही तर पुढच्याच क्षणी ती पुन्हा वनस्पतींच्या जाळीत शिरते. खुल्या पाण्यातील कटला किंवा रोहू दोरा घेऊन दूर धावतो आणि धावून दमतो. मरळ मात्र चार हातांवरच्या गुंत्यात शिरून दोरा अडकवते. त्यामुळे हलकी काठी व बारीक दोरा घेऊन माशाला हळूहळू दमवण्याची रीत येथे चालत नाही.

यात माशाच्या जिवाचाही प्रश्न आहे. मरळीच्या डोक्यात, कल्ल्यांच्या वरच्या बाजूस, हवेतील प्राणवायू घेणारी इंद्रिये असतात आणि तिला ठरावीक काळाने पृष्ठभागावर येऊन श्वास घ्यावा लागतो. दोरा तुटून मासा गळासह वनस्पतींत अडकला, तर त्याला वर येता येत नाही आणि तो गुदमरतो. मासा पाण्यात बुडून मरतो हे वाचताना विपरीत वाटते, पण मरळीच्या बाबतीत ते अक्षरशः खरे आहे. साधन तुटणार नाही इतके मजबूत असावे, ही अट म्हणूनच पहिली धरली पाहिजे.

काठी

परंपरेने बांबूची काठी, तिच्या टोकाला बांधलेला तंगूस आणि गळाला लावलेले गांडूळ एवढ्यावर मासे धरले जातात. लहान माशांसाठी ही साधने आजही पुरेशी आहेत. परंतु काठावरून पंधरा-वीस मीटरवर असलेल्या पाणवेलींच्या मोकळ्या फटीत आमिष टाकायचे असेल, तर रीळ बसवता येणारी काठी लागते.

नवशिक्याने साडेसहा ते सात फूट, म्हणजे सुमारे दोन मीटर लांबीची, मध्यम-जड प्रकारची काठी घ्यावी. तिचा फक्त वरचा भाग वाकणारा आणि खालचा दोन तृतीयांश भाग ताठ असावा. टोक लवचीक नसेल तर हलके आमिष दूर जात नाही. बुंधा ताठ नसेल तर मासा जाळीतून वर उचलता येत नाही. दुकानात काठीचे टोक हळुवार दाबून ती कोठून वाकते हे पाहिले की तिचा प्रकार ध्यानात येतो. अतिशय स्वस्त संचातील दुर्बिणीसारख्या एकात एक सरकणाऱ्या काठ्या या कामासाठी टाळाव्यात. जोराचा ताण बसला की त्या सांध्याजवळ मोडण्याचा संभव असतो.

रीळ आणि दोरा

रिळाचे दोन मुख्य प्रकार आहेत. स्थिर चकतीच्या रिळात फेकताना दोरा चकतीवरून वेटोळ्यांनी सुटतो. फिरत्या चकतीच्या रिळात दोऱ्याबरोबर चकतीही फिरते. दुसऱ्या प्रकारात नेम अधिक अचूक साधतो. मात्र अंगठ्याने चकती वेळीच रोखली नाही, तर ती दोऱ्यापेक्षा वेगाने फिरून सगळा गुंता होतो. पहिल्या वर्षी स्थिर चकतीचे रीळ घेणे शहाणपणाचे. ३००० ते ४००० क्रमांकाचे रीळ मरळीला पुरते.

दोऱ्याच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. तंगूस ताणला जातो. मासा दूर असताना काठीला दिलेला झटका त्या ताणातच विरतो आणि गळ माशाच्या कठीण जबड्यात रुतत नाही. अनेक धाग्यांचा विणलेला दोरा जवळजवळ ताणला जात नाही आणि पाणवनस्पतींचे देठही कापतो. वेष्टनांवर दोऱ्याची ताकद पौंडांत छापलेली असते. ३० ते ५० पौंड, म्हणजे सुमारे १४ ते २३ किलोग्रॅम ताकदीचा दोरा योग्य ठरतो.

विणलेल्या दोऱ्याचा एक दोष नाशिककरांनी विशेष लक्षात ठेवावा. हा दोरा खडकावर घासला की लवकर झिजतो, आणि येथील नदीपात्रे काळ्या बेसाल्टची आहेत. म्हणून जेथे पाण्याखाली खडक आहेत, तेथे विणलेल्या दोऱ्याच्या टोकाला हातभर लांबीचा जाड तंगूस जोडावा. केवळ चिखल व वनस्पती असलेल्या तळ्यात या जोडाची गरज नसते. प्रत्येक फेरीनंतर दोऱ्याचे शेवटचे दोन हात बोटांमधून फिरवून पाहावेत. खरखर लागली तर तेवढा भाग कापून नवी गाठ मारावी.

रिळावरील ओढ-नियंत्रक किती घट्ट ठेवावा, हे शाळेतील प्रयोगशाळेत असतो तशा ताणकाट्याने ठरवता येते. दोऱ्याचे टोक ताणकाट्याला बांधून ओढावे. दोऱ्याच्या ताकदीच्या एक तृतीयांशाच्या आसपास ताण आल्यावर रीळ सुटू लागले पाहिजे. १४ किलोग्रॅमच्या दोऱ्यासाठी हा ताण चार ते साडेचार किलोग्रॅम होतो. दाट जाळीत अनुभवी लोक यापेक्षा अधिक घट्ट करतात, पण त्यासाठी हाताला सवय असावी लागते.

परदेशी माहितीचा उपयोग

उत्तर अमेरिकेतील मस्केलंज हा मासाही वनस्पतींच्या आडून झडप घालतो. त्याच्याविषयीची विपुल माहिती आणि चित्रफिती पाहून आपल्याकडील हौशी मंडळी तीच साधने मागवतात. मस्केलंजचे दात सुरीसारखे असल्याने तेथे गळाच्या वर पोलादी तार किंवा अतिशय जाड फ्लुरोकार्बनचा दोरा लावतात, आणि वजनदार आमिषांसाठी आठ-नऊ फुटी काठ्या वापरतात. मरळीलाही तीक्ष्ण दात आहेत, पण जाड दोरा तोडण्याइतके ते समर्थ नसतात. तार लावल्याने आमिषाची हालचाल कृत्रिम होते, आणि एवढी जड काठी दिवसभर पेलण्याचे कारणही राहत नाही.

आमिष

पहिल्या खरेदीत पोकळ रबरी बेडूक असावा. त्याचे दोन गळ पाठीला चिकटून वरच्या दिशेने असतात, त्यामुळे तो पाणवेलींवरून न अडकता सरकतो. माशाने तोंडात धरून दाबल्यावरच गळ उघडे पडतात. झडप दिसताच काठी ओढण्याचा मोह होतो आणि बहुतेक नवशिक्यांचा मासा तेथेच निसटतो. मनात एक-दोन अंक मोजून, दोरा ताणला गेल्यावर झटका द्यावा. दोन बेडूक, एक काळा आणि एक हिरवट, एवढे सुरुवातीस पुरे. रंगीबेरंगी आमिषांची पेटी दुकानदाराच्या फायद्याची.

जिवंत बेडूक आमिष म्हणून वापरू नये. मोठा भारतीय बेडूक वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षित आहे. बेडकांची घटती संख्या आणि शेतातील किडींवर होणारा परिणाम लक्षात घेऊन भारताने १९८७ साली बेडकांच्या तंगड्यांची निर्यात बंद केली.

आवश्यक जोडसाधने

लांब चोचीची पक्कड आमिषाइतकीच आवश्यक आहे. ती नसेल तर मासेमारीस जाऊच नये. मरळीच्या तोंडात बोट घालून गळ काढणे धोक्याचे असते, आणि पक्कड नसल्यास मासा काठावर तडफडत राहतो. गळाचा उलटा काटा याच पकडीने दाबून सपाट करावा. दोरा ताणलेला ठेवला तर मासा सहसा सुटत नाही आणि सोडून द्यायचा असल्यास इजा कमी होते. याशिवाय लांब दांड्याचे, रबरी विणीचे जाळे, दोरा कापण्याची कात्री आणि तुटलेला दोरा परत आणण्यासाठी एक पिशवी बाळगावी. काठावर टाकलेल्या दोऱ्यात पाणपक्ष्यांचे पाय अडकतात.

परवानगी आणि हंगाम

महाराष्ट्रातील अनेक जलाशयांतील मासेमारीचे हक्क मच्छीमार सहकारी संस्थांना ठेक्याने दिलेले असतात. तेथे गळ टाकण्यापूर्वी संबंधित संस्थेची अनुमती घ्यावी. निफाड तालुक्यातील नांदूर मध्यमेश्वर हे गोदावरी-कादवा संगमाजवळचे पाणथळ क्षेत्र पक्षी अभयारण्य असून २०२० साली ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. अभयारण्याच्या हद्दीत वनविभागाच्या परवानगीशिवाय गळ टाकू नये.

मरळीची वीण मुख्यतः पावसाळ्यात होते. अंडी पाण्यावर तरंगतात, आणि पिल्ले बाहेर पडल्यावरही आईबाप कित्येक दिवस त्यांची राखण करतात. पिल्लांचा नारिंगी-लालसर पुंजका पृष्ठभागावर हलताना दिसतो. त्याच्या खाली पालक असतातच, आणि पुंजक्याजवळ पडलेल्या कोणत्याही वस्तूवर ते भुकेपोटी नव्हे तर राखणीसाठी तुटून पडतात. त्यामुळे अशा वेळी मरळ गळाला लागणे अगदी सोपे असते. पालक काढून घेतल्यावर पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात चन्ना मरुलियस म्हणून ओळखली गेलेली मरळ २००० साली प्रथम आढळली. तेथे ती परकी व उपद्रवी मानली जात असल्याने पकडलेली मरळ पाण्यात परत सोडू नये असे सांगितले जाते. गोदावरीच्या खोऱ्यात मरळ मूळची आहे आणि तिथला तो सल्ला येथे लागू होत नाही. पुंजका दिसताच आमिष गुंडाळून दुसरा काठ धरावा, आणि चुकून राखणारी मरळ लागलीच तर गळ पाण्यातच काढून तिला त्याच जागी सोडावे.