गाण्यांचा संग्रह ‘गायब’ होतो तेव्हा

संत जनाबाईंच्या गंगाखेड तालुक्यात राणीसावरगाव आहे. अशा गावांतून शहरात आलेल्या एखाद्या कुटुंबाच्या संगणकात चित्रपटगीतांच्या शेजारी आजीच्या आवाजातील जात्यावरच्या ओव्याही जपलेल्या असतात. चित्रपटगीत पुन्हा मिळवता येते. आजीची ओवी नाही. म्हणूनच गाण्यांची यादी अचानक कोरी दिसली, की काळजाचा ठोका चुकतो. तथापि, बहुतेक वेळा गाणी नष्ट झालेली नसतात.

म्युझिक प्लेअरमधील यादी ही ग्रंथालयातील सूचीसारखी असते. गाण्याची फाइल कोठे आहे, एवढीच नोंद तिच्यात असते. फाइल हलली, की नोंद निरुपयोगी ठरते. म्हणून सर्वप्रथम एखाद्या गाण्याचे नाव संगणकाच्या ‘सर्च’मध्ये शोधावे. फाइल सापडल्यास तो फोल्डर यादीला पुन्हा जोडावा.

संग्रह वारंवार नाहीसा होत असेल, तर तो बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कवर आहे का, हे पाहावे. विंडोजमध्ये अशा डिस्कचे अक्षर ‘ई’ऐवजी ‘एफ’ झाले, तरी सारी यादी तुटते. ‘डिस्क मॅनेजमेंट’मध्ये जाऊन तिला कायमचे एकच अक्षर द्यावे. व्हायरसमुळे पेन ड्राइव्हवरील फोल्डर लपलेलेही असू शकतात. ‘हिडन फाइल्स’ दाखवण्याचा पर्याय निवडल्यास ते दिसू शकतात. अँड्रॉइड फोनमधील फोल्डरात ‘.नोमीडिया’ नावाची फाइल असल्यास प्लेअर त्या फोल्डरातील गाणी दाखवत नाही.

फाइल खरोखरच पुसली गेली असेल, तर त्या कार्डावर किंवा डिस्कवर नवे काहीही साठवू नये. पुसलेली फाइल तिच्या जागेवर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत अनेकदा परत मिळवता येते.

इंटरनेटवर ठेवलेला संग्रह सुरक्षितच असतो, असेही नव्हे. ‘मायस्पेस’ या संकेतस्थळावरील २००३ ते २०१५ या काळातील सुमारे पाच कोटी गाणी सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे २०१९मध्ये उघड झाले. त्यामुळे तीन प्रती ठेवाव्यात : एक संगणकात, दुसरी वेगळ्या डिस्कवर आणि तिसरी दुसऱ्या घरी किंवा इंटरनेटवर.

हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांच्या पुढाकाराने संकलित झालेल्या एक लाखाहून अधिक ओव्यांमध्ये परभणी जिल्ह्यातील ताडकळसच्या ओव्याही आहेत. त्या वेळीच नोंदवल्या गेल्या, म्हणून टिकल्या. घरातील ओव्यांची दुसरी प्रत मात्र घरच्यांनाच करावी लागेल.