खेळातली लढाई आणि सोलापूरचा किल्ला

छंद माणसाला कुठून कुठे नेतील, सांगता येत नाही. कुणी पोस्टाची तिकिटं जमवतं, कुणी जुनी नाणी. मला नाद आहे तो चिमुकल्या सैनिकांचा. बोटाच्या पेराएवढे शिपाई घ्यायचे, बारीक कुंचल्यानं त्यांचे अंगरखे, पागोटी, ढाली रंगवायच्या आणि टेबलावर डोंगर, नदी, वाट मांडून तिथं ते उभे करायचे. घरातली मंडळी म्हणतात, केस पिकले तरी खेळणी सुटली नाहीत! पण या खेळण्यांनी मला इतिहासाला एक वेगळा प्रश्न विचारायला शिकवलं. आज त्याबद्दलच थोडं बोलणार आहे.

या छंदाची इंग्लंडमध्ये मोठमोठी प्रदर्शनं भरतात. लंडनचं ‘सॅल्यूट’ हे त्यांतलं नावाजलेलं. साउथ लंडन वॉरलॉर्ड्स नावाच्या हौशी मंडळानं १९७२मध्ये ते सुरू केलं. तिथं टेबलांवर वॉटर्लू मांडलेली असते, रोमन फौजा असतात आणि दोन्ही बाजूंना माणसं हातात मोजपट्टी आणि फासे घेऊन उभी असतात. रंगवलेलं सैन्य नुसतं पाहायचं नसतं; ते चालवायचं असतं.

आपल्याकडे असं प्रदर्शन कुठं पाहायचं? माझं उत्तर सोपं आहे. दिवाळीत घराबाहेर पडा. तिकीट नाही, रांग नाही. गल्लीगल्लीत किल्ले मांडलेले असतात. दर दिवाळीत मी आमच्या सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपासच्या वस्त्यांतून हे किल्ले पाहत फिरतो. हा भाग टॉवेल आणि चादरींच्या कारखान्यांचा. एरवी मागांचा खडखडाट चाललेला असतो, सुटीत तो थांबतो आणि रस्त्यावर पोरांचं राज्य सुरू होतं. घरी तेलुगू बोलणारी, शाळेत मराठी शिकणारी, शेजाऱ्याशी कन्नड किंवा दखनी बोलणारी ही मुलं चार दिवस चिखलात हात घालून बसतात. सामान इथलंच. सूत संपलेले पुठ्ठ्याचे कोन उलटे ठेवले की बुरूज तयार. गोणपाट चिखलात भिजवून दगडांवर टाकलं की डोंगर. त्यावर हळीव पेरला की चार दिवसांत हिरवं रान. गेल्या खेपेला एका किल्ल्यावर मावळ्यांच्या रांगेत प्लास्टिकचा एक हिरवा बंदूकवालाही पहारा देताना दिसला. कुणाला तो खटकत नव्हता. मलाही खटकला नाही.

पण छंदिष्टाची नजर वाईट. तिला जे दिसतं त्यापेक्षा जे नाही ते आधी जाणवतं. रायगड पाहिला, सिंहगड पाहिला, राजगड पाहिला. महाराज सिंहासनावर, मावळे तटावर, तोफांची तोंडं बाहेर. पण तोफा रोखल्या आहेत कुणावर? शत्रू कुठंच नाही. प्रतापगडाच्या पायथ्याशी खानाचा शामियाना असतो, तेवढाच अपवाद. म्हणजे आपल्या किल्ल्यात लढाई संपलेली असते आणि आपण जिंकलेलो असतो. सणाच्या दिवशी ते साजरंच दिसतं. मात्र ती लढाई जिंकेपर्यंत कोणाला काय ठरवावं लागलं, हे त्या मांडणीतून कळत नाही.

ही उणीव भरून काढणारा खेळ युरोपात कसा घडला, ते पाहण्यासारखं आहे, कारण त्याचं मूळ आपल्याच दारात आहे. हत्ती, घोडा, रथ, पायदळ ही आपली चतुरंग सेना. तिच्यावरून चतुरंग हा खेळ झाला, तो इराणमार्गे पश्चिमेला गेला आणि बुद्धिबळ झाला. १७८०मध्ये जर्मनीतल्या ब्रुन्सविकच्या हेलविग नावाच्या गृहस्थांनी बुद्धिबळाचा पट वाढवून त्यात डोंगर, नद्या, तोफखाना आणला. पुढे १८१२मध्ये प्रशियाच्या राजापुढे राइसविट्झ नावाच्या अधिकाऱ्यानं उंचसखल भूभाग जुळवता येईल असं एक टेबलच सादर केलं. त्याच्या मुलानं १८२४मध्ये या खेळाचे नियम छापले. त्यात पटावरचे चौकोन गेले आणि खरा नकाशा आला, मूळ जमिनीच्या आठ हजारांश आकाराचा. एक डाव म्हणजे दोन मिनिटांची लढाई. किती माणसं पडली हे फाशांवर ठरायचं. आणि मधे एक पंच बसवलेला. शत्रूची जी तुकडी तुमच्या शिपायांना खरोखर दिसली असती, तेवढीच तो तुम्हाला दाखवायचा. बाकी अंधार! प्रशियाच्या सैन्यानं हा खेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी उचलला.

या खेळाला घरात आणलं ते एच. जी. वेल्स या कादंबरीकारानं. ‘लिटल वॉर्स’ हे त्याचं पुस्तक १९१३चं. खेळण्यातल्या तोफेत लाकडी गोळी भरून समोरचे शिसाचे शिपाई पाडायचे, असा त्याचा खेळ. गंमत म्हणजे वेल्स युद्धाचा चाहता नव्हता. ज्यांना लढायची हौस आहे त्यांनी ती जमिनीवर रांगत भागवावी, खरी माणसं मारू नयेत, असं त्याचं म्हणणं होतं. पुढच्याच वर्षी पहिलं महायुद्ध पेटलं.

आता पुन्हा आपल्या गल्लीत येऊ. रायगड करणाऱ्या एका मुलाला मी विचारलं, “अरे, आपल्या सोलापूरचा किल्ला का नाही केलास? बसनं जाऊन बघून येता आला असता.” तो चटकन म्हणाला, “काका, तिथं महाराज कुठं होते?” मुलाचं चुकलं नव्हतं. महाराजांच्या काळात हा किल्ला आधी आदिलशाहीत होता आणि मग मोगलांकडे गेला. त्याआधी १५२४च्या सुमारास आदिलशहाच्या बहिणीचं निजामशहाशी लग्न लागलं ते सोलापुरात. लग्नात सोलापूर द्यायचं ठरलं, ते दिलं गेलं नाही, आणि व्याह्यांमध्ये वर्षानुवर्षं लढाया झाल्या. दुहेरी तट, भोवती खंदक, एका अंगाला सिद्धेश्वर तलाव असा हा भुईकोट. मातीत करायला रायगडापेक्षा कितीतरी सोपा.

आणि या किल्ल्याशी मराठ्यांची एक लढाई झालीच. तिचं नाव आमच्या पोरांच्या कानावर नाही, कारण ती आपण हरलो.

२० फेब्रुवारी १८१८ला सोलापूर जिल्ह्यातल्याच आष्टीला बापू गोखले पडले. साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या हाती गेले आणि दुसरे बाजीराव निसटले. पेशव्यांचं उरलेलं पायदळ आणि तोफा होत्या सोलापुरात, गणपतराव पानशांच्या हाताखाली. पानसे म्हणजे पेशव्यांच्या तोफखान्याचं घराणं; सासवडजवळचा सोनोरीचा मल्हारगड याच घराण्यानं बांधला. पानशांचा तळ पडला तो किल्ल्याच्या आत नाही. तटाला लागून, बाहेर. मे महिन्यात कर्नाटकातून बेळगाव घेऊन जनरल मन्रो सोलापुरावर आला. १० मेला त्याच्या सैन्यानं शिड्या लावून पेठ घेतली. पानशांनी तोफा पुढे आणून तोंड दिलं, पण जम बसला नाही. संध्याकाळी छावणी मोडून सैन्य निघालं तेव्हा प्रिट्झलरच्या घोडदळानं पाठलाग करून त्याची दाणादाण उडवली. उघड्या माळावर, पायदळामागे घोडेस्वार! शेकडो माणसं कापली गेली. त्यानंतर चार-पाच दिवसांत किल्लाही खाली झाला, आणि ३ जूनला बाजीराव मालकमच्या स्वाधीन झाले.

पाठ्यपुस्तकात हे दोन ओळींत संपतं: पेशवाई बुडाली. पण हाच प्रसंग टेबलावर मांडला की त्या दोन ओळी पुरेनाशा होतात. मी तो मांडून पाहिला आहे. पानशांच्या बाजूनं बसलं की पहिल्याच डावाला हात अडखळतो. सगळी फौज किल्ल्यात घ्यावी का? एवढी माणसं, जनावरं, तोफांचे गाडे त्या कोटात मावायचे कसे आणि खायचं काय? बाहेर राहावं, तर किल्ल्याच्या तोफांचं पाठबळ आहे, पण पाठीशी तट आणि खंदक असल्यानं मागं सरायला जागा नाही. पेठ राखावी का सोडावी? निघायचंच असेल तर मन्रो येण्याआधी का नाही? पण जायचं कुठं? धनीच पळतीवर आहे. बाजीराव कुठं आहेत, मदत येणार की नाही, हे राइसविट्झच्या त्या पंचानं पानशांना दाखवलंच नसतं. मे महिन्यातलं सोलापूरचं ऊन तर आपल्याला कुणी सांगायला नको.

असे चार-सहा डाव खेळलं की पानसे भित्रे होते की मूर्ख होते, हा प्रश्न मागं पडतो. अपुऱ्या माहितीवर, वाईट पर्यायांतून एक निवडणारा माणूस दिसायला लागतो. त्याच्याबरोबर तटाखाली उभे असलेले ते शिपाईही दिसतात. त्यांची नावं कुठल्याच मांडणीत नाहीत.

जुलै २०२५मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं. अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. छाती फुगावी अशीच गोष्ट आहे. येत्या दिवाळीत हे बारा किल्ले गल्लोगल्ली व्हावेत, रायगड तर व्हावाच व्हावा. पण जिंकलेल्या किल्ल्यावर अभिमान वाटतो आणि हरलेल्या किल्ल्यापाशी विचार करावा लागतो. मुलांना दोन्ही मिळायला हवं.

म्हणून माझी पालकांना आणि गुरुजींना एक सुचवणी आहे. निदान सोलापुरात, दहा किल्ल्यांमागे एक भुईकोट होऊ द्या. पुठ्ठ्याच्या कोनांचे बुरूज, मातीचे दोन तट, पत्र्याच्या तबकात पाणी घालून तलाव. पानशांची छावणी बाहेर मांडा, समोर मन्रोची फौज ठेवा, आणि दोन मुलांना दोन्हीकडे बसवा. एक फासा द्या. मग विचारा, “आता तुम्ही काय करणार?” पुढचं ती मुलं स्वतःच वाचून काढतील.