बचाव एका गड्याने उभा राहत नाही : कॉलेजच्या कबड्डीपटूंत व्यावसायिक संघ काय पाहतात?

गोडादरा (सुरत) : गोडादरा, लिंबायत, डिंडोली, उधना या भागांत धुळे, नंदुरबार, जळगावकडची हजारो कुटुंबं राहतात. गावाकडून येताना सोबत आलेल्या गोष्टींत कबड्डीही आहे. इथला मुलगा सुरतच्या कॉलेजातून वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठासाठी खेळतो. त्याचा नंदुरबारला शिकणारा चुलतभाऊ कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या संघात असतो. दोन्ही विद्यापीठं आंतरविद्यापीठ स्पर्धेच्या पश्चिम विभागात येत असल्याने हे दोघे भाऊ समोरासमोरही येऊ शकतात.

प्रो कबड्डी लीग २०१४ मध्ये सुरू झाल्यापासून अशा घरांत एक प्रश्न हमखास येतो : पोरगं चांगलं खेळतं, पण लीगच्या लायक आहे का? चढाईपटूचे गुण सगळ्यांना दिसतात. बचावपटूची पारख अवघड, आणि संघ नव्याने बांधताना सर्वाधिक चुका तिथेच होतात. संघ बचावपटू कसा जोखतात, याची ही माहिती.

गुजरातच्या संघाचा ताळेबंद

उदाहरण सुरतकरांच्या राज्यातलंच आहे. गुजरात फॉर्च्युनजायंट्स (आताचं नाव गुजरात जायंट्स) हा संघ २०१७ च्या पाचव्या मोसमात लीगमध्ये आला आणि पहिल्याच वर्षी अंतिम फेरीत पोहोचला. तिथे पाटणा पायरेट्सने त्याला ५५-३८ असं हरवलं. त्या संघाची ओळख बचावाची होती. कोपऱ्यांवर इराणचे फजल अत्राचली आणि अबोझार मिघानी, तर मध्ये सुनील कुमार आणि परवेश भैंसवाल ही तरुण जोडी.

पुढच्या मोसमाच्या लिलावात फजल एक कोटी रुपयांना यू मुंबाकडे गेला. मोठा गडी गेला, आता बचाव कोसळणार, असं अनेकांना वाटलं. पण सुनील-परवेश जोडी कायम राहिली आणि गुजरात पुन्हा अंतिम फेरीत गेला. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत बंगळुरू बुल्सने तो सामना ३८-३३ असा जिंकला. त्यासाठी पवन सेहरावतला एकट्याने २२ गुण मिळवावे लागले.

आता अलीकडचं पाहू. २०२४ च्या लिलावात गुजरातने चढाईपटू गुमान सिंगसाठी १.९७ कोटी रुपये मोजले. आदल्या मोसमात १.६० कोटींना परत आणलेला फजल संघात राहिला नाही. त्या अकराव्या मोसमात गुजरात १२ संघांत ११ वा आला. मग २०२५ मध्ये इराणचा अष्टपैलू बचावपटू मोहम्मदरेझा शादलूईला २.२३ कोटींना घेतलं. त्याआधी शादलूई दहाव्या मोसमात पुणेरी पलटणसोबत आणि अकराव्यात हरियाणा स्टीलर्ससोबत विजेता ठरला होता. गुजरातकडे आल्यावर मात्र संघ प्ले-ऑफपर्यंतही गेला नाही.

गडी तोच होता. फरक शेजाऱ्यांचा. पुण्यात त्याच्याभोवती गौरव खत्री, अबिनेश नादराजन, संकेत सावंत होते. हरियाणात जयदीप दहिया आणि राहुल सेठपाल होते. बचाव ही साखळी आहे. एक कडी सोन्याची केली म्हणून बाकीच्या कड्या मजबूत होत नाहीत.

कॉलेजचा मुलगा का लागतो?

याचं उत्तर साध्या हिशोबात आहे. लीगमध्ये एका संघाला खेळाडूंवर पाच कोटी रुपये खर्च करता येतात आणि किमान १८ खेळाडू ठेवावे लागतात. एकावर २.२३ कोटी गेले म्हणजे सुमारे ४५ टक्के थैली रिकामी झाली. उरलेल्या २.७७ कोटींत किमान १७ जण बसवायचे, म्हणजे सरासरी माणशी १६ लाखांच्या आसपास. त्यात नावाजलेले चार बचावपटू येत नाहीत. म्हणून स्वस्तात मिळणारे आणि तीन-चार वर्षं एकत्र वाढवता येतील असे तरुण शोधावेच लागतात.

अमेरिकेत व्यावसायिक फुटबॉलचे ३२ संघ कॉलेजच्या खेळाडूंची निवड सात फेऱ्यांत करतात आणि आदल्या वर्षी तळाला राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. त्याआधी खेळाडूंची धाव, ताकद, उडी सगळ्यांसमोर मोजली जाते. आपल्याकडे लिलाव आहे. हरलेल्या संघाला पहिली संधी वगैरे नाही. ज्याने आधी जाऊन सामने पाहिले, त्याचा फायदा.

सात जागा, वेगवेगळी कामं

‘चांगला बचावपटू’ हे वर्णन पुरेसं नाही. तो कोणत्या जागेचा, हे आधी विचारतात.

*कोपरारक्षक (डावा व उजवा) :* घोट्याची पकड आणि मांडीची पकड ही त्यांची मुख्य हत्यारं. बोनस घ्यायला आलेल्या चढाईपटूचा पाय नेमका टिपायचा असतो. बहुतेक चढाईपटू उजव्या हाताचे असल्याने ते स्वतःच्या उजव्या बाजूने, म्हणजे बचावाच्या डाव्या कोपऱ्याकडे जास्त झुकतात. त्यामुळे डाव्या कोपऱ्यावर काम अधिक पडतं.

*कव्हर (मध्यरक्षक) :* चढाईपटूला रोखणं, धडक देऊन मैदानाबाहेर काढणं आणि कोपऱ्याने पाय धरला की लगेच वरून आधार देणं हे त्यांचं काम. कोपऱ्याची पकड पूर्ण होते ती बहुतेक वेळा कव्हरमुळे, पण गुणपत्रकात नाव कोपऱ्याचं लागतं.

*आतल्या जागा आणि मध्य :* इथे बहुधा चढाईपटूच उभे असतात. साखळी धरताना हात सुटला, तर चूक इथली असते.

त्यामुळे संघाला डावा कव्हर हवा असेल, तर देशातला उत्तम उजवा कोपरारक्षकही त्याच्या कामाचा नसतो. जागा बदलून खेळवता येतं, पण मुलाची पाऊलं आणि अंदाज नव्याने बसायला वेळ लागतो.

गुण मोजू नका, जमा-खर्च मांडा

कॉलेजच्या स्पर्धांनंतर ‘अमुकने इतक्या पकडी केल्या’ असं सांगितलं जातं. ही फक्त जमेची बाजू झाली. फसलेली पकड म्हणजे समोरच्याला गुण, शिवाय आपला गडी बाहेर.

समजा, पहिल्या मुलाने पाच सामन्यांत ४० वेळा पकडीचा प्रयत्न केला. २० यशस्वी, २० फसल्या. दुसऱ्याने २२ प्रयत्न केले. १४ यशस्वी, ८ फसल्या. पेपरात नाव पहिल्याचं येईल. पण फसलेल्या प्रत्येक पकडीचा एकच गुण धरला, तरी पहिल्याचा हिशोब २० वजा २०, म्हणजे शून्य. दुसऱ्याचा १४ वजा ८, म्हणजे अधिक ६. यशाचं प्रमाण पहिल्याचं ५० टक्के, दुसऱ्याचं जवळपास ६४ टक्के.

आणखी तीन नोंदी ठेवल्या तर चित्र स्पष्ट होतं :

- *पकड कोणत्या वेळी?* मैदानात तीन किंवा कमी गडी असताना केलेली पकड (सुपर टॅकल) दोन गुण देते. तिथे घाबरून मागे सरकणारा आणि थंड डोक्याने थांबणारा लगेच वेगळे कळतात.
- *तिसऱ्या चढाईला काय केलं?* दोन रिकाम्या चढायांनंतर चढाईपटूला गुण आणावाच लागतो, नाहीतर तो बाद. अशा वेळी घाई त्याला असते, बचावाला नाही. तरीही जो बचावपटू स्वतःहून अंगावर जातो, त्याच्या नावापुढे लाल खूण होते.
- *समोर कोण होतं?* तालुक्याच्या मैदानावर नवख्या चढाईपटूला धरणं वेगळं. अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धेत हरियाणा-राजस्थानच्या विद्यापीठांचे चढाईपटू येतात. तिथल्या तीन पकडी इथल्या दहांना भारी पडतात.

पकड करत नसताना तो काय करतो?

पारखी माणूस निम्मा वेळ चेंगराचेंगरीकडे पाहतच नाही. चढाईपटू डावीकडे असताना उजवा कव्हर किती सरकला, कोपरा मागे राहिला का, हाताची साखळी सुटली का, हे तो बघतो. सहकाऱ्याने पाय धरल्यापासून दुसरा गडी अंगावर पोहोचेपर्यंत गेलेला अर्धा सेकंद बहुतेक वेळा निकाल ठरवतो.

दुसरी गोष्ट बोलण्याची. चांगला बचाव सतत आवाज देत असतो : ‘थांब’, ‘सोड’, ‘बोनस जाऊ दे’. गप्प राहणारा मुलगा एकट्याने छान पकडी करील, पण साखळीत तो अंदाजाने खेळतो.

तिसरी, चुकीनंतरची पुढची चढाई. पकड फसल्यावर बाहेर बसून परत आलेला मुलगा लगेच बदला घ्यायला धावतो, की पुन्हा आपल्या जागेवर थांबतो? संयम शिकवता येतो, पण त्याला वेळ लागतो, म्हणून ज्याच्याकडे तो आधीच आहे त्याची किंमत वाढते.

शरीर आणि मॅट

लीगमध्ये वजनाची मर्यादा ८५ किलो आहे. बचावपटू मर्यादेच्या जवळचा असावा, पण वजन घटवायला सामन्याआधी उपाशी राहणारा नसावा. कव्हरला खांदे आणि पाठ लागते, कोपऱ्याला गुडघा आणि मनगट. जुनी दुखापत लपवलेली असेल तर सरावाच्या पहिल्या आठवड्यात ती बाहेर येते. लपवून फायदा नाही.

मातीवर वाढलेल्या मुलाला मॅटवर बूट घालून घोट्याची पकड करताना अंतर नव्याने मोजावं लागतं. मातीत पाय थोडा घसरतो, मॅटवर तो धरून ठेवतो, त्यामुळे झेप लवकर किंवा उशिरा पडते. ज्याने मॅटवर एक मोसमही काढलेला नाही, त्याचं मूल्यमापन अर्धवटच राहतं.

वाट कशी आहे?

कॉलेज, विद्यापीठ संघ, पश्चिम विभाग, अखिल भारतीय आंतरविद्यापीठ ही एक पायरी. त्यावर खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धा. २०२२ च्या लीग लिलावात या स्पर्धेच्या दोन अंतिम संघांतले २४ खेळाडू थेट यादीत घेतले गेले होते. जिल्हा संघटनेतून राज्य संघ आणि राष्ट्रीय स्पर्धा ही दुसरी पायरी. लीगचे संघ नव्या तरुण खेळाडूंना वेगळ्या गटातूनही घेतात. पुणेरी पलटणचे अस्लम इनामदार आणि मोहित गोयत असेच आले. इनामदारच्या नेतृत्वाखाली पलटणने १ मार्च २०२४ रोजी हरियाणाला २८-२५ असं हरवून विजेतेपद मिळवलं. लिलावात सर्वांत खालच्या ‘ड’ गटाची मूळ किंमत नऊ लाख रुपये आहे.

गोडादऱ्यापासून नवापूरपर्यंतच्या घरांसाठी

सीमेच्या दोन्ही बाजूंना नातं असलेल्या मुलांची एक अडचण खास आहे : खेळायचं कोणाकडून? शिक्षण सुरतला आणि आधार कार्डावर पत्ता गावचा असेल, तर मोसम सुरू होण्याआधी एक बाजू ठरवावी. दोन्ही राज्यांच्या चाचण्यांना पळत राहिल्यास कागदपत्रांत अडकून कुठलाच संघ मिळत नाही. विद्यापीठाचे नियम कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांकडून, राज्याचे जिल्हा संघटनेकडून लेखी समजून घ्यावेत.

‘लीगमध्ये बसवून देतो, इतके द्या’ असं म्हणणाऱ्याला एक रुपयाही देऊ नये. निवड झालेल्या खेळाडूला संघ पैसे देतो, त्याच्याकडून घेत नाही.

मोबाईलवर व्हिडिओ काढताना फक्त यशस्वी पकडींचे तुकडे जोडू नयेत. एका सामन्याचं पूर्ण चित्रण, उंचावरून, सातही गडी दिसतील असं ठेवावं. पारखणाऱ्याला फसलेल्या पकडीही पाहायच्या असतात. आणि शक्य असेल तर मुलाने आपल्या शेजारच्या जागेवरच्या मित्रासोबतच दोन-तीन वर्षं खेळत राहावं. सुनील आणि परवेश यांचं मोल गुजरातला कळलं ते ते दोघे शेजारी-शेजारी उभे होते म्हणून. पुढे सुनीलने जयपूर पिंक पँथर्सला कर्णधार म्हणून नववा मोसम जिंकून दिला आणि २०२४ च्या लिलावात यू मुंबाने त्याच्यासाठी १.०१५ कोटी रुपये मोजले.

लीग प्रत्येकाच्या नशिबी नाही. १२ संघांत मोजक्याच जागा रिकाम्या होतात. म्हणून मार्केटमधली नोकरी किंवा पदवीचं शेवटचं वर्ष लिलावाच्या आशेवर सोडू नये. रेल्वे, पोलीस, सैन्यदलांची क्रीडा भरती याच पकडींवर होते आणि तिथेही साखळीत उभा राहणारा गडीच लागतो.